वास्को काउंटी, ओरेगन: रजनीशपुरम सोडून तिथे पाहण्यासारखं काय आहे?

अबोली
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून आम्ही पोर्टलंडला आहोत. एप्रिलमध्ये आईबाबा पुण्याहून येतायत. तिकीट काढायच्या आधीच बाबांनी फर्मान सोडलंय की नायगारा, वेगास वगैरे काही नको, "मला ते रजनीशपुरम दाखव." सत्तरच्या दशकात बाबा ताडीवाला रोडला राहायचे. रोज सायकलवरून रजनीशांच्या (म्हणजे ओशोंच्या) आश्रमाच्या गल्लीवरून जायचे, आत मात्र एकदाही गेले नाहीत. ती हुरहुर आता पंचेचाळीस वर्षांनी बाहेर पडलीय.

नकाशात पाहिलं तर रजनीशांचं ते शहर जिथे वसलं होतं ते रँच वास्को काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) येतं, थोडंसं शेजारच्या जेफर्सन काउंटीत. मुख्यालयाचं गाव 'द डॅल्स'. एवढ्या लांब जाऊन नुसतं एक फाटक बघून परत यायचं माझ्या जिवावर आलंय. आईला तर त्या बुवाचं नावही नको. दोन दिवस आहेत. कोणी त्या बाजूला राहिलंय का? रँच आत जाऊन बघता येतं का? आणि त्याखेरीज त्या काउंटीत काही इतिहासबितिहास आहे का, की सगळा गहू आणि वारा?

टवाळ
वास्को? ते गोव्यात आहे ना? गामाचं.

मौनीबाबा
वाचतोय.

नदीकाठ
टवाळ, गामाचा काही संबंध नाही. वास्को हे कोलंबिया नदीकाठच्या मूळ जमातीचं नाव. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ साधारण 'वाटी', शिंगाची कोरलेली वाटी. म्हणजे 'वाटीवाले लोक' म्हणा.

अबोली, मी डॅल्समध्ये सहा वर्षं काढली आहेत (नवऱ्याची नोकरी). आधी रँचचं सांगते. ते आता ख्रिस्ती युवक संघटनेचं शिबिरस्थळ आहे. १९९० च्या दशकात एका उद्योगपतीनं ते विकत घेऊन संघटनेला देऊन टाकलं. खासगी जागा आहे, सहज म्हणून आत सोडत नाहीत. शिबिराच्या लोकांना आधी पत्र लिहून विचारा, नाहीतर खरोखरच फाटक बघून परत याल.

बाकीचं सविस्तर लिहिते रात्री. लेकीला पोहायला सोडायचंय.

टवाळ
एकच सल्ला: डॅल्सला सॅलड खाऊ नका. =))

आयटी_हमाल
टवाळनं पहिल्या पाचात सॅलड काढलं. मी पैज जिंकलो.

चिंगी
मला नाही कळलं. सॅलडचं काय?

बंडगार्डन
चिंगी, सांगतो. १९८१ साली रजनीश पुण्यातून गेले आणि त्यांच्या मंडळींनी ओरेगनमध्ये ६४ हजार एकरांचं 'बिग मडी रँच' घेतलं. ५७ लाख ५० हजार डॉलरना. तिथे हजारो लोकांचं शहर वसवायला सुरुवात झाली. काउंटीशी जमिनीच्या वापरावरून, परवान्यांवरून वाजलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये काउंटीच्या निवडणुका होत्या. आपले उमेदवार निवडून यावेत, इतर मतदार त्या दिवशी अंथरुणात असावेत, या हिशेबानं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रंगीत तालीम म्हणून डॅल्समधल्या दहा हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ लोक आजारी पडले. मेलं कोणी नाही, हे नशीब. अमेरिकेतला हा पहिला मोठा जैविक हल्ला मानतात.

वाईट म्हणजे आरोग्य खात्यानं सुरुवातीला काय निष्कर्ष काढला? की हॉटेलातल्या कामगारांनी हात नीट धुतले नाहीत! वर्षभर बिचाऱ्या वाढप्यांवर आळ होता.

मी त्या काळचा कोरेगाव पार्ककर. १९७४ ला आश्रम आला तेव्हा मी आठवीत. त्यापूर्वी आमच्या रस्त्यावर वडाची झाडं, जुने बंगले आणि बंगल्यांचे म्हातारे माळी, एवढंच होतं. मग एकदम भगवे झगे, गळ्यात माळ. रिक्षावाल्यांची चंगळ झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला होता, त्याच्या टेबलावर कायम भगव्या कपड्यांचा ढीग. १९८१ मध्ये एक दिवस तो ढीग संपला. आम्ही पोरं म्हणायचो, स्वामी पळाले, इस्त्रीवाला बुडाला.

सरळरेष
नेहमीची एकतर्फी गोष्ट. खेडवळ, गोऱ्या, सनातनी काउंटीला रंगीत कपड्यांतले लोक आपल्यात नको होते. म्हणून जमीन कायदा, व्हिसा, चर्च-राज्य अलगता (धर्म आणि सरकार वेगळं ठेवायचा नियम), सापडेल ते हत्यार वापरलं. ओसाड, चरून उजाड झालेल्या रँचवर या लोकांनी धरण बांधलं, शेती केली, विमानाची धावपट्टी केली. पोर्टलंडमधल्या त्यांच्या हॉटेलात १९८३ मध्ये बॉम्बस्फोट घडवला गेला, ते कोणी सांगत नाही. सगळ्यांना सॅलड तेवढं आठवतं.

झेरॉक्स
बॉम्बचं खरं आहे आणि तो सांगितला गेलाच पाहिजे. पण 'जमीन कायदा हत्यार म्हणून वापरला' हे अर्धंच. ओरेगनचा जमीन वापराचा कायदा १९७३ चा आहे, म्हणजे रजनीश यायच्या आठ वर्षं आधीचा. शेतजमीन शेतीसाठीच राहावी, शहर ठरलेल्या हद्दीतच वाढावं, ही त्याची कल्पना. शेतीच्या जमिनीवर कोणीही शहर उभारायला घेतलं असतं तरी खटला झालाच असता. गंमत अशी की काउंटीच्या तीन जणांच्या मंडळानं नोव्हेंबर १९८१ मध्ये शहर स्थापनेच्या अर्जाला दोन विरुद्ध एक मतानं परवानगी दिली होती. म्हणजे काउंटी पहिल्या दिवसापासून दात खाऊन बसली होती असं नाही.

(त्या मंडळाला तेव्हा 'काउंटी कोर्ट' म्हणत आणि अध्यक्षाला 'काउंटी जज'. खटल्यांशी संबंध थोडा, रस्ते, कर, परवाने हीच कामं जास्त. आपल्या जिल्हा परिषदेचा अध्यक्ष समजा.)

बंडगार्डन
झेरॉक्स, बरोबर. आणि त्याच काउंटी जजला ऑगस्ट १९८४ मध्ये रँचवर भेटीला गेले असताना दूषित पाणी पाजलं. ते इस्पितळात पोचले. सरळरेष, याला काय म्हणायचं? रजनीशांची सचिव शीला, तिनं पुढे न्यायालयात गुन्हे कबूल केले आहेत, ही माझी मतं नव्हेत.

सरळरेष
शीलाचे गुन्हे हजारो साध्या साधकांच्या माथी मारू नका एवढंच म्हणतोय. त्यातल्या बहुतेकांना काही माहीतही नव्हतं.

बंडगार्डन
हे मात्र मान्य.

झेरॉक्स
मलाही मान्य. पण रँचजवळच्या अँटिलोपच्या लोकांचं काय? चाळीस-पन्नास उंबऱ्यांचंही नसेल ते गाव. बहुतेक निवृत्त माणसं. आपलं गाव ताब्यात जाणार हे दिसल्यावर १९८२ मध्ये त्यांनी गावाचा नगरपालिकेचा दर्जाच रद्द करून घ्यायचा ठराव मतदानाला टाकला. तोवर गावात संन्यासी मतदार जास्त झाले होते. ठराव हरला. १९८४ मध्ये गावाचं नाव 'रजनीश' झालं. नोव्हेंबर १९८५ मध्ये परत अँटिलोप. म्हातारपणी आपल्या पत्त्यावर दुसऱ्याचं नाव लिहायला लागणं, कल्पना करा.

टवाळ
आमच्या चौकाचं नाव सहा वर्षांत तीनदा बदललंय. आम्ही कोणाला विष घातलं नाही.

संपादक
मंडळी, अबोलीनं विचारलेला प्रश्न 'रजनीशपुरम सोडून काय' असा आहे. रजनीशांवर वेगळा धागा आधीच आहे, तीनशे प्रतिसाद झालेत. तिकडे चला.

खडकमास्तर
संपादकांना धन्यवाद. मी भूगोल-भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे बुवांपेक्षा दगडांत रस. मुलाकडे सिअॅटलला जातो तेव्हा मुद्दाम कोलंबियाच्या खोऱ्यातून जातो.

अबोली, पोर्टलंडहून आय-८४ ने पूर्वेला निघालात की पहिला तासभर हिरवंगार, धबधबे, शेवाळ. हूड रिव्हर मागे टाकलं की वीस मिनिटांत सगळं पिवळं पडतं. कॅस्केड पर्वताची पर्जन्यछाया. डॅल्सला वर्षाचा पाऊस १४ इंचांच्या आसपास. महाबळेश्वरहून वाईमार्गे माणदेशात उतरल्यासारखं, पण गाडीतून उतरायच्या आत.

आणि तो काळा खडक नीट बघा. पायऱ्यापायऱ्यांचा, खांबाखांबांचा. बेसाल्ट. म्हणजे आपलाच सह्याद्रीचा जातभाई, फक्त वयानं फार लहान. नदीचं ते खोल खोरं मात्र हिमयुगाच्या शेवटी आलेल्या महापुरांनी खरवडलंय. मोंटानातलं प्रचंड सरोवर अडवणारा बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटून आलेले पूर. 'डॅल्स' हा शब्दही त्या खडकावरूनच. फ्रेंच बोलणारे कॅनडाचे नावाडी फरसबंदीच्या लाद्यांना 'दाल' म्हणायचे. पाणी जिथे लाद्यांमधून घुसायचं ती जागा.

रोवेनाचा जुना वळणावळणांचा रस्ता चुकवू नका. महामार्ग सोडून जुना रस्ता धरा. एप्रिलच्या शेवटी तिथल्या पठारावर पिवळ्या फुलांचा सडा असतो. आमच्या हिनं त्याला 'अमेरिकेतलं कास' असं नाव ठेवलंय. कास नाही ते, पण वाद कोण घालणार.

चिंगी
मास्तर, 'दाल'वरून आठवलं, तिथे चेरी मिळतात ना? पोर्टलंडच्या बाजारात 'द डॅल्स'ची चेरी म्हणून पाटी असते.

नदीकाठ
मिळतात म्हणजे काय! अख्खे डोंगर चेरीच्या बागांचे आहेत. पण एप्रिलमध्ये फुलं. फळ जून-जुलैत. एप्रिलमध्ये चेरीचा उत्सवही असतो, मिरवणूक, बँड, ट्रॅक्टर. तोडणीच्या वेळी मेक्सिकन वंशाची कामगार कुटुंबं पहाटे चारला डोक्याला दिवे लावून बागेत असतात, कारण उन्हात फळ मऊ पडतं. सुरुवातीला आम्हाला वाटायचं डोंगरावर काजवे आलेत.

खवय्या_नाना
अवांतर: आपल्याकडे केकवर जी लाल चेरी असते ती बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असते. मी खरी चेरी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हटलं, ही तर नकली.

टवाळ
नाना, हा प्रतिसाद फ्रेम करून लावतो.

नदीकाठ
रात्रीचा वायदा पूर्ण करते. लांबेल, पण अबोली, तुला विचारायचंच होतं तर ऐक.

काउंटी १८५४ च्या जानेवारीत झाली. तेव्हा तिची हद्द कॅस्केडच्या माथ्यापासून थेट रॉकी पर्वतापर्यंत. एक लाख तीस हजार चौरस मैल. म्हणजे आजच्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठी, एक काउंटी! अमेरिकेत एवढी मोठी काउंटी दुसरी झाली नाही. मग तिचे तुकडे पडत गेले. एकट्या ओरेगनातल्या सतरा काउंट्या तिच्यातून निघाल्या. आता उरलीय चोवीसशे चौरस मैलांच्या आत, माणसं २०२० च्या जनगणनेत २६,६७०. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या होऊन शेवटी थोरल्याकडे घराभोवतीचं परसू उरावं तसं. त्या अवाढव्य काउंटीचं पहिलं कोर्ट १८५९ चं. खाली कोठड्या, वर न्यायालय, अशी छोटी लाकडी इमारत. गावात दोन-चार वेळा जागा बदलून ती अजून उभी आहे. उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची. आपल्याकडे वाडा पाडतात, तिथे वाडा सरकवतात.

पश्चिमेला जाणारे वसाहतवाले बैलगाड्या घेऊन डॅल्सपर्यंत यायचे आणि तिथे रस्ताच संपायचा. पुढे दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये नदी. गाड्या सुट्या करून तराफ्यावर चढवायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. कित्येक बुडाले. १८४६ मध्ये बार्लो नावाच्या माणसानं माउंट हूडच्या दक्षिणेनं रस्ता काढला आणि ताबडतोब टोल बसवला. गाडीमागे पाच डॉलर.

टवाळ
टोलनाका आधी, रस्ता नंतर. घरच्यासारखं वाटलं.

नदीकाठ
टवाळ, मध्ये तोडू नको रे, मोबाईलवरून लिहितेय.

टांकसाळीची गंमत आहे. पूर्व ओरेगनात सोनं सापडलं तेव्हा १८६४ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं डॅल्सला टांकसाळ मंजूर केली. दगडी भिंती उठल्या. तोवर सोन्याची लाट ओसरली, १८७० मध्ये काम थांबलं. एक नाणंही पडलं नाही. भिंती आहेत अजून.

फोर्ट डॅल्सच्या लष्करी डॉक्टरचं १८५६ चं घर आहे, त्यात १९०५ पासून संग्रहालय. छोटं, पण जीव लावून ठेवलेलं. आई कंटाळणार नाही, स्वयंपाकघरातली भांडी आहेत आणि जुन्या घोडागाड्या.

आता मुख्य. हे सगळं ज्यांच्या जमिनीवर झालं त्यांचं.

डॅल्सच्या पूर्वेला पंधरा मिनिटांवर सेलायलो. तिथे कोलंबिया नदी घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून कोसळायची. जुनं नाव 'वायम'. जवळच्या उत्खननात दहा हजार वर्षांपूर्वीपासूनच्या मासेमारीच्या खुणा सापडल्यात. समुद्रातून अंडी घालायला वर चढणारा साल्मन मासा त्या धबधब्याखाली अडायचा, उड्या मारायचा. लोक कड्याच्या कडेला लाकडी माचाण बांधून, कमरेला दोर लावून लांब दांड्याच्या जाळ्यानं मासा वरचेवर झेलायचे. कुठलं माचाण कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मासा वाळवून, कुटून, टोपल्यांत ठासून भरायचे, आणि तो घ्यायला पॅसिफिकपासून मैदानी प्रदेशापर्यंतचे लोक यायचे. लुईस आणि क्लार्क हे अमेरिकी शोधप्रवासी १८०५ मध्ये इथे आले तेव्हा त्यांना आयती बाजारपेठ दिसली.

१८५५ च्या तहात इथल्या जमातींनी सुमारे एक कोटी एकर जमीन सोडली आणि दक्षिणेला वॉर्म स्प्रिंग्जच्या राखीव प्रदेशात जायचं कबूल केलं. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. 'नेहमीच्या आणि वहिवाटीच्या जागी' मासे धरायचा हक्क. झेरॉक्सना आवडेल हे.

मग डॅल्सचं धरण. १० मार्च १९५७ ला दारं बंद केली. काही तासांत धबधबा पाण्याखाली. चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर दिले. वायमचे वृद्ध प्रमुख टॉमी थॉम्पसन विरोध करत राहिले, १९५९ मध्ये ते वारले.

आमचे शेजारी (गोरे, वडील रेल्वेत) त्यावेळी शाळकरी होते, सेलायलोजवळ राहायचे. त्यांना मी एकदा विचारलं, काय आठवतं? मला वाटलं धबधबा कसा दिसायचा ते सांगतील. ते म्हणाले, "आमचा कुत्रा. जन्मल्यापासून त्यानं तो आवाज ऐकलेला. आवाज गेल्यावर चार दिवस रात्रभर भुंकत होता. वडिलांनी शेवटी त्याला स्वयंपाकघरात घेतलं आणि नळ चालू ठेवला."

मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक विचारतात की रजनीशपुरमला गेला होतात का. सहा वर्षांत गावातल्या कोणी आपणहून मला रजनीशांचं नाव घेतलं असेल तर दोनदा. त्यातलं एकदा 'तुम्ही भारतातल्या का' असं विचारून. आणि टवाळ, तो सॅलडचा विनोद तिथे करू नकोस बरं. चाळीस वर्षं ऐकतायत ते.

टवाळ
गप्प बसलोय.

मौनीबाबा
कुत्र्याची गोष्ट वाचून थोडा वेळ उठून गेलो.

आयटी_हमाल
नदीकाठ, जबरदस्त. पुढचा अध्याय माझ्याकडून: धरणाची स्वस्त वीज आली म्हणून तिथे अॅल्युमिनियमचा कारखाना आला. तो बंद पडला. मग २००६ मध्ये त्याच विजेसाठी गूगलनं डॅल्सला डेटा सेंटर काढलं. आपण इकडे गणपतीचे फोटो साठवतो, त्यातले काही त्या पाण्यावर चालत असतील.

सरळरेष
मग वीज नको होती का? धरण नसतं तर पूर्व ओरेगनची शेती, जहाजं, काहीच नसतं. विकासाची किंमत असते.

बंडगार्डन
असते. ती नेहमी दुसराच भरतो, एवढंच. उजनीच्या पाण्यातून पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात तरी वर येतं. इथे तेही नाही ना?

नदीकाठ
नाही. तो जलाशय कायम भरलेलाच असतो. पण २००८ मध्ये सैन्याच्या अभियंत्यांनी सोनार लावून तळ तपासला. धबधब्याचा कडा जसाच्या तसा आहे खाली. सुरुंग लावून उडवला अशी वदंता होती, ती खोटी निघाली. काही म्हाताऱ्यांना त्यानं बरं वाटलं, काहींना आणखी त्रास झाला.

सरळरेष, मासेमारी मात्र संपलेली नाही. डेशूट्स नदीवर शेरार्स फॉल्सला अजूनही माचाणांवरून जाळ्यानं मासे धरतात. आणि सेलायलोच्या वस्तीत दर वसंतात पहिल्या साल्मनचं जेवण होतं. नव्याची पुनव समजा. आधी देवाला, मग माणसांना.

भाषा मात्र गेल्यात जमा. वास्को लोकांची किक्श्ट. अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या आजी २०१२ मध्ये गेल्या. आता शाळेत शब्द शिकवतात.

झेरॉक्स
अँटिलोपला जाताना वाटेत शानिको लागेल. थांबाच. १९०० मध्ये तिथे रेल्वे पोचली आणि ते लोकरीचं जगातलं सर्वांत मोठं ठाणं म्हणून मिरवायला लागलं. लाखो डॉलरची लोकर विकली जायची. १९११ मध्ये डेशूट्सच्या काठानं दुसरा लोहमार्ग बेंड गावापर्यंत गेला, त्याच वर्षी गावात आग लागली, खेळ खल्लास. आता वस्ती तीसेक. विटांचं जुनं हॉटेल, पाण्याचा लाकडी मनोरा. नावाचीही गंमत: मूळ जर्मन आडनाव शेर्नेकाउ, लोकांना उच्चारता येईना म्हणून शानिको.

अबोली
अरे बापरे, मी दोन दिवस कामात होते आणि इकडे ग्रंथ तयार झालाय. सगळ्यांचे खूप आभार. रँचवाल्यांना पत्र टाकलंय. जाऊन आल्यावर कळवते.

खवय्या_नाना
वृत्तांत फोटोंसकट हवा. आणि साल्मन मिळाला तर आमसूल घालून करा, ओव्हनमध्ये कोरडा करू नका.

अबोली
(पाच आठवड्यांनी) आलो जाऊन. उशिराबद्दल क्षमस्व, आईबाबांना परवाच विमानात बसवलं.

रँचनं नम्रपणे नाही सांगितलं, त्या आठवड्यात शिबिर होतं. बाबांना म्हटलं अँटिलोपपर्यंत तरी जाऊ. गावात एक रस्ता, टपाल कार्यालय, ध्वजस्तंभ. त्याच्या पायथ्याशी पाटी आहे, १९८१ ते ८५ च्या 'आक्रमणात' टिकून राहिलेल्यांच्या स्मरणार्थ. बाबांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "आमच्याकडे ते गेल्यावर कोणी पाटी लावली नाही." कौतुकानं म्हणाले की खंतीनं, मला कळलं नाही. दहा मिनिटांत "चला" म्हणाले. पंचेचाळीस वर्षांची हुरहुर, दहा मिनिटं!

येताना शेरार्स फॉल्सला माचाणं दिसली. फळ्या अक्षरशः पाण्यावर लोंबकळतायत. एक माणूस कमरेला दोर बांधून उभा, बाजूला त्याची मुलगी फोन बघत बसलेली. त्या दिवशी काही लागलं नाही त्याला. आई अर्धा तास हलेना. "लागेल आता, लागेल" करत होती. तिला रायगड जिल्ह्यातलं तिच्या आजोळचं काहीतरी आठवत असावं.

सेलायलोला मात्र काहीच नाही हो. म्हणजे हिरवळ, बाकं, मागे महामार्ग, मालगाडी, आणि समोर सपाट पाणी. वारा इतका की गाडीचं दार उघडेना. आईनं विचारलं, "धबधबा कुठेय?" मी हातानं दाखवलं, पाण्याकडे. ती म्हणाली, "मग आपण काय बघायला आलो?" तेवढ्यात दोन पोरं शिडाच्या फळीवर उभी राहून त्याच पाण्यावरून सुसाट गेली. मी नदीकाठचा प्रतिसाद गाडीत बसून मोठ्यानं वाचून दाखवला. कुत्र्याच्या गोष्टीपाशी बाबांनी काच खाली केली, वारा आत आला, परत वर केली.

जुनं कोर्ट पाहिलं. बाबा कोठडीत उभे राहून फोटो काढून आले, तोच आता त्यांचा व्हॉट्सअॅपचा डीपी आहे. रोवेनाला फुलं होती. साल्मन मिळाला, नदीकाठीच शीतपेटीतून विकत होती एक बाई. नाना, आमसूल घातलं, खोबरंही घातलं.

आणि बाबा खिशात एक काळा दगड घेऊन आले. म्हणाले, "हा तर आपल्या तळजाईवरचा आहे."

खडकमास्तर
वडिलांना सांगा, तळजाईचा साडेसहा कोटी वर्षांचा. हा दीड कोटीच्या आसपासचा. पाठचा भाऊ आहे, पण फार उशिरा झालेला.

टवाळ
म्हणजे बाबांनी परदेशातून धाकटं पोर आणलं. कस्टमला काय सांगितलं?

अबोली
आईनं सांगितलं वजन जास्त होतंय म्हणून इथेच ठेवलाय. माझ्या फ्रीजवर आहे. जूनमध्ये चेरीला परत जायचंय, कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चिंगी
मी! मी! डब्यात करवंदं आणू का?